मिस्टर क्लोव्हिसचा कागद

मिस्टर क्लोव्हिस गिलरी प्रवासाला निघण्याआधी कागद करत. प्रवास तो केवढा! ह्यूस्टनहून निघायचं, लुइझियानातल्या आमच्या बेल प्रेरीला पोचायचं, एक रात्र चुलतभावाकडे काढायची आणि दुसऱ्या दिवशी परत. जायला दोनशे वीस मैल, यायला तेवढेच. पण हा माणूस ऑगस्टपासून तयारीला लागायचा. चर्चच्या जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर पट्टीने रेघा मारायच्या आणि ठसठशीत अक्षरांत लिहायचं: निघणे, पाच चाळीस. बोमाँट, सात पाच, लघवी. नदी ओलांडणे, हॉर्न. लेक चार्ल्सचा पूल, एझोरा डोळे मिटेल. खाली सामानाची यादी आणि प्रत्येक वस्तूपुढे ती आणणाऱ्याचं नाव. चुना, क्लोव्हिस. कुंचले, क्लोव्हिस. शेवंती, एझोरा. गाडी, व्हर्लीन. काळा रंग, व्हर्लीन.

व्हर्लीन म्हणजे मी. ह्यूस्टनच्या फ्रेंचटाउनात गिलरींच्या घराला लागून माझं घर. मधे एक अंजिराचं झाड आहे, त्याची अंजिरं कुणाची हे तीस वर्षांत ठरलेलं नाही. मी सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे मला कुणी रस्ता शिकवलेला खपत नाही. मोतीबिंदू झाल्यावर मिस्टर क्लोव्हिसचं लांबचं गाडी चालवणं बंद झालं आणि माझी जुनी ब्युइक त्यांच्या कागदावर चढली. तेव्हापासून ते शेजारी बसून उंटावरून शेळ्या हाकत.

“व्हर्लीन, पुढे डावीकडची लेन धर.”

“मिस्टर क्लोव्हिस, मागे चाळीस पोरं बोंबलत असताना मी ह्या शहरात बस चालवलीय. तुम्ही आपली खिडकीतून भातखाचरं बघा.”

“भातखाचरं सव्वाआठला येतील,” ते कागदावर बोट ठेवून म्हणत.

मागच्या सीटवरून त्यांची बायको, मिस एझोरा, हसत. “चाळीस वर्षं रेल्वेचे डबे दुरुस्त केलेत गं त्याने. रूळ दिसल्याशिवाय त्याचं पाऊल पुढे पडत नाही.”

बेल प्रेरीला जायचं ते थडग्यांना चुना लावायला. आमच्या फ्रेंचटाउनातल्या सगळ्यांची मुळं तिकडची. आजोबा-पणजोबा रेल्वेच्या कामाला ह्यूस्टनला आले, पण पुरायचं मात्र तिकडेच असं सांगून गेले. म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सर्व संतांचा सण येतो, त्याच्या आधी गावी जाऊन आपल्या माणसांची थडगी घासायची, पांढरीशुभ्र करायची आणि फुलं ठेवायची. न जाणाऱ्याला कुणी तोंडावर बोलत नाही. पाठीमागे मात्र वर्षभर बोलतात.

चुना लावला की जुनं नाव त्याखाली जातं. मग चुना वाळेपर्यंत थांबायचं आणि वर पुन्हा काळ्या रंगाने नाव लिहायचं. दर वर्षी पुसायचं आणि दर वर्षी लिहायचं. आता बऱ्याच जणांनी संगमरवरी दगड बसवलेत. मिस एझोरांना ते पसंत नव्हतं. मीच एकदा त्यांना म्हटलं होतं, की एकदा दगड बसवून टाका, कटकट मिटेल. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी काही घाणेरडं बोलले होते.

“दगडावर कोरलं की माणसं यायची थांबतात,” त्या म्हणाल्या. “हाताने लिहायचं असलं की यावं लागतं.”

त्यांचं थडगं एकच होतं, आणि ते छोटं होतं. ऑरेलिया. त्यांची मुलगी, आठ महिन्यांची असताना तापाने गेली. तेव्हा मिस्टर क्लोव्हिस तेवीस वर्षांचे होते. शेजाऱ्याकडून सिमेंट आणून त्यांनी स्वतः तिच्यावरचा चौथरा ओतला, कोपरापासून बोटांपर्यंतचे आपले दोन हात लांब. पुढच्या वसंतात दोघं ह्यूस्टनला आली. त्यांना दुसरं मूल झालं नाही. एवढं सांगितलं म्हणजे कागदाचं वेड कुठून आलं ते वेगळं सांगायला नको. वर्षातून एकदा मुलीला भेटायला जायचं म्हटल्यावर कोण बाप वेळ चुकवेल?

कबरस्तानात मात्र कागद चालत नसे. तिथे मिस एझोरा पुढे. फाटकातून शिरल्या की त्या मागे न बघता सरळ चालत सुटायच्या. एका म्हाताऱ्या पिकनच्या झाडाखाली लहान मुलांची तीन थडगी ओळीने होती, त्यातल्या एकावर जाऊन त्या हात ठेवायच्या. बाकीच्या दोन मुलींची माणसं कधीच कॅलिफोर्नियाला निघून गेली होती, त्यांच्या थडग्यांवर नावं नव्हती. मिस्टर क्लोव्हिस चुन्याची बादली घेऊन मागून चालत. “मी रस्ता बघतच नाही,” ते एकदा मला म्हणाले होते, “मी तिची पाठ बघतो.”

आता माझी चूक सांगते. टाळत होते, पण ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मिस एझोरांची मूत्रपिंडं गेली आणि डायलिसिस सुरू झालं, त्या पहिल्या वर्षी त्यांना गावी येता आलं नाही. मिस्टर क्लोव्हिस आणि मी दोघंच गेलो. थडगं त्यांना बरोबर सापडलं, मागच्या वर्षीचं नाव पुसट का होईना, वाचता येत होतं. त्यांनी घासलं आणि चुना लावला. चुना वाळेपर्यंत आम्ही शेतातल्या बकऱ्यांवर गप्पा मारल्या. मग त्यांनी हात पुढे केला. “रंग.”

मी डबा उघडला. आत रंगाचा दगड झाला होता. गॅरेजच्या फळीवर मागल्या वर्षीपासून पडलेला डबा मी न बघता, न हलवता गाडीत टाकला होता. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: काळा रंग, व्हर्लीन. एकच काम होतं माझ्याकडे.

त्यांनी काडीने खरवडून बघितलं, तरी थेंब निघेना. जवळच्या युनिस गावातलं दुकान रविवारी बंद होतं. पश्चिमेकडून आभाळ भरून आलं होतं आणि मला पावसात लेक चार्ल्सचा तो उंच पूल चढायचा नव्हता. मी म्हटलं, “चला मिस्टर क्लोव्हिस, पुढच्या वर्षी लिहू. ती कुठे पळून जातेय!”

हे मी बोलले. माझ्या जिभेला हाड नाही हे माझी आई सांगायची ते खोटं नव्हतं.

पुढच्या वर्षी वादळ आलं. अर्ध्या वस्तीची छपरं गेली, रस्ते बंद झाले, कुणीच गावी गेलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही गेलो तर पिकनचं झाड नव्हतं. वादळात पडलेलं झाड मशीन लावून बुंध्यासकट काढलं होतं आणि वर गवत उगवलं होतं. कुंपण नवं होतं आणि फाटक दुसऱ्याच बाजूला होतं. चुलतभावाच्या मुलांनी प्रेमाने तिन्ही लहान थडग्यांना जाड पांढरा ऑइलपेंट मारून ठेवला होता. तिन्ही सारखी, एका साच्यातून काढलेली.

मिस्टर क्लोव्हिस तिथे उभे राहिले. ह्या खेपेला मी काळ्या रंगाचे दोन डबे आणले होते, नवे, दुकानदाराकडून हलवून घेतलेले. ते एका थडग्यापाशी गेले, वाकले, मग दुसऱ्यापाशी गेले. नव्या फाटकाकडून बघितलं, जुनं फाटक होतं तिकडे जाऊन तिथून बघितलं. हाताने मापं घेतली. तिन्ही मुलं तेवढीच होती, मापं ती काय वेगळी निघणार! चर्चच्या वहीत ऑरेलियाचं नाव आणि तारीख होती, जागा नव्हती. नवीन पाद्री बिचारे आमच्याबरोबर तीनदा वही चाळून दमले.

“झाड मागे होतं,” मिस्टर क्लोव्हिस म्हणाले. “बुंध्याच्या समोरची आपली. पण बुंधा कुठे होता, व्हर्लीन?”

मला कुठे माहीत होतं! डब्याची ती एक खेप सोडली तर मी दर वर्षी गाडीत बसून रेडिओ ऐकायचे.

त्यांनी काहीच लिहिलं नाही. दोन्ही डबे न उघडता परत आले. घरी पोचल्यावर मिस एझोरांनी पलंगावरून विचारलं, “लिहिलंस?”

“लिहिलं,” ते म्हणाले.

“चांगलं आलं?”

“चांगलं आलं.”

मी दारात उभी होते. बासष्ट वर्षांच्या संसारात हा माणूस बायकोशी पहिल्यांदा खोटं बोलला, आणि ते माझ्या डब्यामुळे. त्या दिवशी घरी येऊन मी तो जुना डबा अंगणात इतक्या जोरात आपटला, की शेजारचं कुत्रं दोन दिवस माझ्या दाराशी फिरकलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मिस्टर क्लोव्हिसनी माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं, की ह्या वर्षी एझोराला न्यायचं. “ती सरळ जाईल आणि हात ठेवेल,” ते म्हणाले. “तिला काही विचारावं लागणार नाही आणि काही सांगावंही लागणार नाही. ती हात ठेवेल तिथे मी लिहीन.”

“आणि आधीचं नाव कुठे गेलं म्हणून विचारलं तर?”

“पावसाने गेलं म्हणेन.” ते कॉफीच्या कपाकडे बघत होते. “पोरी, ती जाण्याआधी हे व्हायला पाहिजे. ती गेली तर माझी मुलगी कुठे आहे हे सांगणारं जगात कुणी उरणार नाही.”

तो कागद त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड कागद होता. मिस एझोरांचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार. सगळं गाव चुना लावतं शनिवारी, म्हणजे तो गेला. रविवारी पहाटे निघून सोमवारी दुपारपर्यंत परत, एवढीच फट. त्यात पाणी मोजून प्यायचं, मीठ बंद, केळं बंद, आणि वाटेतल्या दुकानातलं बुदँ, म्हणजे भात आणि डुकराचं मटण भरलेलं ते गरमगरम आतडं, तेही बंद. बुदँशिवाय बेल प्रेरीला जाणं म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता परत येणं. मिस्टर क्लोव्हिसनी डॉक्टरांना चार वेळा फोन केला. युनिसच्या दवाखान्याला फोन करून तिथे सोमवारी सकाळी डायलिसिसची खुर्ची मिळेल का ते विचारून ठेवलं. प्रत्येक तासापुढे लिहिलं: पाणी, एझोरा, दोन घोट.

एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. मिस एझोरांची पाठ चार तास बसणं सोसेल का हे बघायला सप्टेंबरातल्या एका रविवारी त्यांनी आम्हाला ह्यूस्टनच्या रिंगरोडवर फिरवलं. मी गाडी चालवतेय, ते घड्याळ घेऊन बसलेत आणि मागे मिस एझोरा उशीला टेकून. शहराला अडीच प्रदक्षिणा झाल्या. तोच पेट्रोलपंप तिसऱ्यांदा आला तेव्हा मिस एझोरा म्हणाल्या, “म्हाताऱ्या, मला गावी नेतोयस की भोवळ आणून मारतोयस?”

“पाठ कशी आहे?”

“पाठ ठीक आहे. तुझं डोकं तपासून घे.”

ते पंपावर उतरून आत गेले तेव्हा मिस एझोरांनी पुढे वाकून माझ्या खांद्याला हात लावला. “व्हर्लीन, ह्याला झालंय काय? मी म्हटलं मला नाही झेपत, तर डोळ्यांत पाणी आणलं त्याने. एवढा हट्ट त्याने लग्नाच्या वेळीही केला नव्हता.”

“तुम्हाला मुलीला भेटवायचंय त्यांना,” मी म्हटलं. खोटं नव्हतं, पण खरंही पुरतं नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही पाच चाळीसला निघालो. मिस एझोरांनी अंगणातली पिवळी शेवंती ओल्या कागदात गुंडाळून मांडीवर घेतली होती. लुइझियानाच्या हद्दीवरची नदी ओलांडताना मी हॉर्न वाजवला. लेक चार्ल्सच्या पुलावर मिस एझोरांनी डोळे मिटून ‘नमो मरिये’ ही प्रार्थना म्हटली, पूल उतरेपर्यंत चार वेळा. मिस्टर क्लोव्हिस प्रत्येक तासाला मागे बाटली देत आणि दोन घोट झाले की परत घेत. भातखाचरं सव्वाआठला आली.

कबरस्तानात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. आदल्या दिवशीचा ताजा चुना सगळीकडे उन्हात चमकत होता. मिस एझोरांना एकट्याने चालवत नव्हतं, म्हणून मिस्टर क्लोव्हिसनी त्यांचा दंड धरला आणि दोघं हळूहळू निघाली. मी बादली घेऊन मागे. तिन्ही लहान थडग्यांपाशी आली. डावीकडच्या टोकाच्या थडग्यापाशी दोघं थांबली. मिस एझोरा वाकल्या, त्यांनी हात ठेवला आणि बोटं सिमेंटवरून सावकाश फिरवली, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग परत फिरवली.

मिस्टर क्लोव्हिसचा श्वास मला ऐकू येत होता.

“पावसाने खाल्ली रे तुझी अक्षरं,” त्या म्हणाल्या. “पुन्हा लिही.”

“हीच ना?” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“हीच. दुसरी कुठली?”

मिस्टर क्लोव्हिस गुडघ्यांवर बसले आणि रडले. मिस एझोरांना वाटलं असेल, नाहीतर वाटल्यासारखं त्यांनी दाखवलं असेल, की इतक्या दिवसांनी लेकीपाशी आल्यामुळे रडतोय. त्या घडीच्या खुर्चीवर बसून त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मग घासणं झालं, चुना झाला, चुना वाळला, आणि मी डबा धरला. त्यांनी नाव लिहिलं. इतकं चांगलं लिहिलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. तीन वर्षांत तो माणूस पहिल्यांदा सरळ उभा राहिला. संध्याकाळी चुलतभावाकडे जेवताना त्यांनी दोन जुन्या गोष्टी सांगितल्या आणि दोन्हींचा शेवट चुकवला. परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी थांबवून स्वतःसाठी बुदँ घेतलं आणि मिस एझोरांना वास दिला. त्या म्हणाल्या, “वासात मीठ नसतं, आण जवळ.”

बोमाँटला कागदाप्रमाणे ते लघवीला उतरले. उन्हात गाडी उभी होती. मिस एझोरा म्हणाल्या, “व्हर्लीन, तिथे किती वर्षांपासून नाव नव्हतं?”

माझ्या हातातून किल्ली पडली.

“मला दिसत नाही गं,” त्या म्हणाल्या. “डोळे वर्षभरापूर्वीच गेलेत. उजेड कळतो, माणूस कळतो, बाकी काही नाही. त्याला सांगितलं नाही, त्याने त्याचाही कागद केला असता. काल तो मला धरून पुढे होता. तो थांबला म्हणून मी थांबले. मला वाटलं, त्याला माहीत आहे. मग बोटं फिरवली, तर अक्षर एक नाही. पावसाने रंग जातो, पण अशी खूणसुद्धा न ठेवता जात नाही. पन्नासहून जास्त वर्षं मी ती अक्षरं बोटांनी वाचलीत.”

“मग हीच असं का म्हणालात?”

“काय म्हणायचं होतं? त्याने विचारलं, हीच ना. तेव्हाच मला कळलं, की त्यालाही माहीत नाही.” त्यांनी मांडीवरच्या शेवंतीच्या रिकाम्या कागदाची नीट घडी केली. “नवऱ्याला सांगू, की आपली मुलगी हरवली? ह्या वयात? तू सांगितलं असतंस?”

मी त्यांना डब्याची गोष्ट सांगितली. सगळी. ‘ती कुठे पळून जातेय’ हेही सांगितलं. वाटलं, त्या म्हणतील, जाऊ दे व्हर्लीन. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी तोंड खिडकीकडे केलं आणि म्हणाल्या, “तीन वर्षं माझी मुलगी बिननावाची होती.” मिस्टर क्लोव्हिस आले, दार उघडून बसले, घड्याळ बघून म्हणाले, “चार मिनिटं आधी आहोत.” ह्यूस्टन येईपर्यंत मिस एझोरा माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी सव्वीस वर्षांत इतका लांब रस्ता चालवला नव्हता.

मिस एझोरा उपवासकाळात गेल्या, ईस्टरला तीन आठवडे होते तेव्हा. शेवटच्या आठवड्यात मी हॉस्पिटलात त्यांच्या पायांना तेल लावत होते. मिस्टर क्लोव्हिस खुर्चीत डोळे मिटून बसले होते, मला वाटलं झोपलेत. मिस एझोरांनी मला जवळ बोलावलं. “डबा हलवून बघत जा,” त्या म्हणाल्या. एवढंच. त्यात क्षमा होती की ताकीद होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

शववाहिकेच्या चालकालाही मिस्टर क्लोव्हिसनी कागद दिला. नदी ओलांडणे, हॉर्न. त्या भल्या माणसाने वाजवला. लेक चार्ल्सच्या पुलावर मी मागून गाडी चालवत होते आणि शेजारी मिस्टर क्लोव्हिस डोळे मिटून ‘नमो मरिये’ म्हणत होते, त्यांनी ते आजवर कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मिस एझोरांना ऑरेलियाच्या डावीकडे पुरलं. नाव लिहिलेल्या थडग्याच्या डावीकडे, असं म्हणायला पाहिजे. माती पडत होती आणि मला ओरडावंसं वाटत होतं, की थांबा, ही नसेल, ती पलीकडची असेल, आई एकीकडे आणि मुलगी दुसरीकडे राहील. मी ओठ दाबून उभी राहिले. एका वाळलेल्या डब्याची एवढी शिक्षा असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बायको मेलेल्या माणसाकडून त्याची मुलगीही काढून घ्यायची, हे माझ्याच्याने झालं नाही.

त्या वर्षीच्या कागदावर लिहिलं होतं: शेवंती, व्हर्लीन, दोन जुड्या. मी चार नेल्या. मिस्टर क्लोव्हिसनी माझ्या हातांकडे बघितलं.

“दोन सांगितल्या होत्या.”

“दुकानात चारचाच गठ्ठा होता,” मी म्हटलं.

“हं,” ते म्हणाले. मग माझ्या हातातून जास्तीच्या दोन जुड्या घेतल्या आणि बिननावाच्या दोघींवर एकेक ठेवली. ठेवून झाल्यावर परत वाकून सरळ केल्या.

ही गोष्ट गेल्या वर्षीची. काल, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, ते अंजिराच्या झाडाखालून काठी टेकत आले आणि नवा कागद माझ्या टेबलावर ठेवून गेले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाचं अक्षर आता रेघांबाहेर जातं. निघणे, पाच चाळीस. बोमाँट, सात पाच. नदी, हॉर्न. पूल, नमो मरिये. मी चष्मा लावून खाली यादी वाचली.

चुना, क्लोव्हिस. कुंचले, क्लोव्हिस. शेवंती, क्लोव्हिस, चार जुड्या: एझोरा एक, मुली तीन.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मुली तीन. त्याखाली शेवटची ओळ होती: काळा रंग, व्हर्लीन, डबा हलवून पाहणे.

ते शब्द त्यांचे नव्हते, मिस एझोरांचे होते. म्हणजे त्या खुर्चीत ते झोपले नव्हते, किंवा दोघं नवरा-बायको त्याआधीच सगळं बोलून बसली होती. डब्याचं, डोळ्यांचं, बोटांनी न सापडलेल्या अक्षरांचं. ती कुठली हे दोघांनाही माहीत नाही हे दोघांना माहीत होतं, आणि तिथेच शेजारी पुरायचं हेही त्यांनी मिळून ठरवलं असणार. मी मात्र दीड वर्ष ओठ दाबून त्यांचं गुपित त्यांच्यापासूनच राखत बसले होते. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. इतकी माझा नवरा गेला तेव्हाही रडले नव्हते.

मग उठून गॅरेजात गेले, फळीवरचा डबा काढला आणि कानाशी धरून हलवला. आत रंग होता.